कंसातली अक्षरे

घाटघरचे पठार संपते तिथे डोंगराला उभी चीर पडावी तशी एक घळ आहे. तिच्या माथ्यावर दगडात कोरलेला भलामोठा रांजण. जकातीची नाणी यात टाकत, म्हणून नाणेघाट, असे इथली माणसे सांगतात. रांजणापाशी फोटो काढून बरेच जण मागे फिरतात. पावसाळ्यात तर गर्दी उलट्या धबधब्याची असते. वारा खालून असा उसळतो की कड्यावरून पडणारे पाणी पुन्हा वर फेकले जाते. पण घळीतल्या दगडी पायऱ्यांनी कोकणाच्या बाजूला उतरले की एक लेणे लागते. आत जाऊन डोळे अंधाराला सरावले की डाव्या-उजव्या भिंतींवर ओळी दिसू लागतात. दोन्ही भिंतींवर दहा-दहा. अक्षरे मोठी, सुटी, बेतशीर. सातवाहनांच्या राणीचा हा लेख. राणी नागनिका, काळ साधारण इसवी सनापूर्वीचे पहिले शतक, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत.

इतिहासाच्या पुस्तकांत या लेखाला मोठा मान आहे. सातवाहनांची वंशावळ लावायला तो लागतो, त्या काळच्या यज्ञसंस्थेसाठी लागतो, अंकांच्या इतिहासासाठी तर लागतोच. पण मी आंबेगाव तालुक्यात आयुष्यभर मराठी शिकवले, आणि मला हा लेख नेहमी आपल्या मुलखातला पहिला मोठा गद्यलेख म्हणून खुणावत आला. पुरावा म्हणून सगळे त्याच्याकडे जातात. मला त्याच्याकडे लेखन म्हणून जायचे आहे. सध्या माझ्या घरापासून वर्गापर्यंत सगळीकडे एकच विषय चालतो, तो म्हणजे लिहिणारे यंत्र. निबंध लिहून देणारे, कविता करून देणारे, अर्ज करून देणारे. अशा वेळी एका नव्या साधनाने लिहिण्याचे काय केले, हे बघायला मला नाणेघाटाइतकी चांगली जागा दुसरी ठाऊक नाही. कारण या भिंतीवर अक्षर आणि अंक हीच नवी साधने होती.

लेख सुरू होतो नमनाने. धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. वासव म्हणजे पुन्हा इंद्रच. एकदा तो स्वतंत्र देव म्हणून येतो आणि एकदा दिशेचा राखणदार म्हणून. ज्याने हा मजकूर बांधला त्याला ही पुनरुक्ती खटकली नाही, आणि मलाही ती आवडते. घरच्या पूजेत गणपतीला आधी वेगळा नमस्कार आणि मग पंचायतनात पुन्हा एकदा नमस्कार होतो, तसे हे आहे. मग राणीची ओळख. ती कुणाची मुलगी, कुणाची पत्नी, कुणाची आई. पुढे तिची व्रते: महिनामहिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळलेली. आणि मग यज्ञ. अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम, आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञाच्या मागे दक्षिणा, आणि दक्षिणेच्या मागे आकडा.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. यज्ञ ही तोंडी परंपरेची मिरासदारी. वेद लिहायचे नसतात, म्हणायचे असतात. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा वेगवेगळ्या वेणींनी शब्द गुंफून ते हजारो वर्षे डोक्यात जपले गेले. एक स्वर इकडचा तिकडे होऊ नये म्हणून एवढी मेहनत. त्या परंपरेतले यज्ञ इथे दगडावर उतरले आहेत, तेही संस्कृतात नाही, प्राकृतात. आणि तेही गावातल्या एखाद्या यज्ञशाळेत नाही, तर कल्याण-सोपाऱ्याहून माल घेऊन वर चढणाऱ्या तांड्यांच्या वाटेवर. जे कानात होते ते डोळ्यांसमोर आले. त्या काळच्या एखाद्या जुन्या वळणाच्या वैदिकाला हे कसे वाटले असेल, याचा मी अनेकदा विचार करते. यज्ञाची नावे अशी चव्हाट्यावर? बैलवाल्याने येता-जाता वाचावीत अशी?

पण बघा, साधन बदलले तसे सांगण्याचे वळणही बदलले. तोंडी परंपरेत यज्ञाचे वर्णन करायचे तर ज्वाळा, घृत, ऋत्विजांचे स्वर, देवांचे येणे हे सगळे येईल. इथे त्यातले फार थोडे आहे. इथे वाक्य आखूड आहे: अमुक यज्ञ केला, दक्षिणा दिली, गायी इतक्या, हत्ती इतके. पुन्हा दुसरा यज्ञ केला, दक्षिणा दिली, गायी इतक्या. 'दखिना', 'दिना', 'गावो' हे शब्द वारंवार येतात. 'दिना' म्हणजे दिली. कानाला अगदी घरचा वाटणारा शब्द. या पुनरावृत्तीला कंटाळवाणी यादी म्हणून सोडून देणारे वाचक मी पाहिले आहेत. त्यांना मी सांगते, उभ्याने मोठ्याने वाचा. तिसऱ्या-चौथ्या यज्ञापाशी लय पकडते. धान्य मोजताना मापारी 'लाभ' म्हणून सुरुवात करतो आणि मग एक-एक माप टाकत ठेका धरतो, तसा हा ठेका आहे. मंत्राची लय जाऊन तिच्या जागी मोजणीची लय आली.

आता ते आकडे. सतराशे गायी आणि दहा हत्ती. अकरा हजार गायी आणि हजार घोडे. रुप्याच्या घागरी सतरा. चोवीस हजार चारशे कार्षापण. हे आकडे भिंतीवर शब्दांत नाहीत, चिन्हांत आहेत. आपल्या देशात अंकचिन्हांचा इतका मोठा संच एका जागी आढळतो असे हे फार जुने ठिकाण. या चिन्हांत शून्य नाही. स्थानावरून किंमत ठरण्याची युक्तीही नाही. मग २४,४०० कसे लिहायचे? आधी वीस हजाराचे चिन्ह: हजाराच्या खुणेला वीसची खूण जोडलेली. मग चार हजाराचे: हजाराच्या खुणेला चारची खूण. मग चारशेचे: शंभराच्या खुणेला चारची खूण. अशी तीन चिन्हे शेजारी-शेजारी, आणि बेरीज वाचणाऱ्याने करायची.

मी एकदा वहीत हे तिन्ही अंक काढून पाहिले आणि मला एकदम खळे दिसले. आपण २४,४०० लिहितो तेव्हा डोळ्यांपुढे एक संख्या येते, सपाट, एका ओळीतली. नाणेघाटाच्या अंकात तीन राशी दिसतात. मोठी रास, मधली रास, धाकटी रास. मळणी झाल्यावर खळ्यात जसे ढीग लावतात तसे. कारागिराला लिहायला आणि वाटसरूला वाचायला वेळ लागत असेल, पण त्या वेळात दिलेल्या नाण्यांचा ढीग मनात उभा राहत असणार. साधनाची ही अडचणच इथे लेखनाची श्रीमंती झाली आहे.

आणि हे अंक आले कुठून? माझे वाचन असे: हे अंक व्यापाऱ्यांचे. घाटमाथ्यावर जकात द्यायची-घ्यायची, पोती मोजायची, बैल मोजायचे, त्या जगातले. राणीने त्या वाटेची भाषा उचलली आणि तिच्यात आपले पुण्य मांडले. यज्ञ किती मोठा झाला हे देवांना सांगायला आकडा लागत नाही. आकडा लागतो तो खालून वर येणाऱ्या माणसाला सांगायला. या लेखाची सगळी कला मला या एका निवडीत दिसते. हिशेबाची नवी युक्ती हाती होती, तर ती केवळ हिशेबाला न ठेवता गौरवाला लावली. कोणतेही नवे साधन हाती आले की ते काही गोष्टी सांगणे सोपे करते आणि काही मागे ढकलते. अंकांनी दान मोजण्याजोगे केले. ज्वाळा मागे पडल्या.

पूर्ण मागे पडल्या, असेही नाही. राणीच्या व्रतांनंतर यज्ञांचा पहिला उल्लेख येतो तिथे ते यज्ञ धुपाने सुगंधित असल्याचे म्हटले आहे. एवढेच. त्यानंतर गायी, घोडे, घागरी, गावे सुरू होतात. पण तो एक गंध मजकुरात राहून गेला आहे, आणि वाचताना मला दर वेळी तिथे थबकायला होते. सगळा हिशेब लिहिणाऱ्याच्या हातून एक शब्द असा निसटला, की मुद्दाम ठेवला? मुद्दाम ठेवला असेच मला वाटते. दोन हजार वर्षांनी लेण्यात वटवाघळांचा आणि ओल्या दगडाचा वास येतो. भिंतीवर मात्र धूप आहे.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या आकृती होत्या. आता पायांच्या खुणांखेरीज फारसे उरलेले नाही. वर नावे मात्र आहेत. सिमुक सातवाहनाचे, कुमारांचे, एका महारठीचे. त्यात एका जागी राणी आणि राजा यांची नावे एकत्र येतात. तिथे 'देवी नायनिका' आधी आणि 'राजा सिरी सातकनी' नंतर. दोन्ही भिंतींवरचा मोठा लेख याच राणीचा, हे अभ्यासकांनी या नावाशी मेळ घालून ठरवले. म्हणजे लेखकाची ओळख मजकुराबाहेरच्या एका नामपट्टीवरून पटवावी लागली. तरी दान कुणाचे आहे, हे लेख वाचताना मला कुठेही संदिग्ध वाटत नाही. प्रत्येक आकड्यामागे एक माणूस उभा आहे आणि तो म्हणतो आहे, हे मी दिले.

जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांत ही सवय मग सगळ्यांना लागली. राजे-राण्यांनी सुरू केलेली गोष्ट साध्या माणसांनी उचलली. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, तेवढेच लिहून ठेवले. आडुथुम नावाच्या एका शकाने वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी दिली. एवढासा लेख, पण करंज आणि वड ही झाडे नावाने आली, जमीन मापाने आली. शिवनेरीच्या पायथ्याने जाताना करंज दिसला की मला तो परदेशी माणूस आठवतो. गाव कुठले, शिवार कुठले, झाड कुठले, हे त्याने नीट सांगितले. नवे साधन हाती आल्यावर त्याने त्यात आपल्या मालकीची आणि आपल्या माहितीची गोष्ट घातली, दुसऱ्याची नाही.

आता त्या लेखाच्या दुसऱ्या आयुष्याकडे येते. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने हे लेणे पाहिले आणि जगापुढे आणले. पण त्या वेळी भिंतीवर काय लिहिले आहे हे त्याला कळणे शक्यच नव्हते. ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने उलगडली ती १८३७ मध्ये. म्हणजे नऊ वर्षे ही अक्षरे नुसत्या रेघा होत्या. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी इथल्या अंकांवर लिहिते झाले, १८७६ च्या सुमारास. गेऑर्ग ब्यूलर यांनी १८८३ मध्ये लेखाचे वाचन आणि भाषांतर छापले. मराठीत वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. ही सगळी माणसे एकाच दगडापाशी बसून अक्षर लावत होती.

आणि दगड झिजलेला आहे. पाणी झिरपले, पापुद्रे सुटले, ओळींचे तुकडे गेले. ज्या जागी अक्षर दिसत नाही तिथे वाचणाऱ्याने काय करायचे? पुराभिलेखांच्या अभ्यासात यासाठी एक साधी खूण आहे: चौकटी कंस. अंदाजाने भरलेले अक्षर कंसात घालायचे. काहीच सांगता येत नसेल तर टिंबे द्यायची. ब्यूलर यांच्या वाचनात हा कंस अगदी आरंभीच येतो. 'सिद्धम्' हा मंगल शब्दच कंसात आहे. ज्या शब्दाने लेख सुरू व्हायला हवा, तो शब्द वाचकाला देताना वाचक-पंडिताने म्हटले आहे: हा मी घातला, दगडावर मला तो दिसला नाही. लगेच पुढे दुसरा पेच. 'चंदसूरानं' अशी वाचता येणारी अक्षरे आहेत. कुणी त्यात चंद्र आणि सूर्य पाहिले, ब्यूलर यांनी चंद्रवंशाचा संबंध लावला. अक्षरे एकच, वाचन दोन, आणि दोन्ही वाचने नावानिशी नोंदलेली.

तरुणपणी मला हे कंस अडथळ्यासारखे वाटत. वाचनाचा ओघ तोडतात म्हणून. आता मला ते या सगळ्या वाङ्मयातले सर्वांत देखणे विरामचिन्ह वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाच्या शब्दात आपला शब्द मिसळू नये, आणि तरी वाचकाला रिकाम्या हाताने पाठवू नये, या दोन्ही इच्छा त्या एवढ्याशा खुणेत मावल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात मी एक प्रयोग केला. मोबाइलवर बोलणाऱ्या एका यंत्राला, नाव सांगण्याचे कारण नाही, नाणेघाटाच्या लेखातला एक फुटका भाग दिला आणि म्हटले, पुढे काय असेल ते लिही. क्षणात मजकूर आला. सुरेख प्राकृत ढंगाचा, यज्ञाचे नाव, दक्षिणा, गायी, घोडे. आकडे तर इतके गोल आणि नीटनेटके की मूळ लेखाचे आकडे त्यांच्यापुढे ओबडधोबड वाटावेत. मूळ लेखात अकराशे एक गायी येतात, दहा हजार एक गायी येतात. ती वरची एक गाय! शुभ म्हणून वर ठेवलेला एक, आहेराच्या पाकिटावर चिकटवलेल्या रुपयासारखा. यंत्राच्या मजकुरात ती गाय नव्हती. आणि कंसही नव्हता. ज्या खात्रीने त्याने इंद्राचे नाव लिहिले त्याच खात्रीने कधीही न झालेला यज्ञ लिहिला.

मला यंत्राचा राग आला नाही. ते काय करते हे समजून घ्यायचा मी प्रयत्न केला आहे. अफाट मजकूर वाचून, एका शब्दामागे दुसरा कोणता येण्याचा संभव जास्त, हे ते शिकलेले असते. त्या संभवाने ते पुढे चालते. त्यामुळे ते जे लिहिते ते सहसा शोभणारे असते. नेहमी येणारे नेहमीच्या जागी येते. फुटका दगड त्याला दिला तर ते तो गुळगुळीत करून परत देते. पण लेखाची चव नेमकी त्या न शोभणाऱ्या गोष्टींत होती: धुपाचा एकुलता गंध, राजाच्या आधी आलेली राणी, दोनदा आलेला इंद्र, ती वरची एक गाय. संभवाच्या हिशेबात या गोष्टी मागे पडतात. माझी खरी काळजी ही आहे की उद्या कुणी हा गुळगुळीत तुकडा कुठेतरी छापेल, तो मूळ लेख म्हणून वाचला जाईल, आणि नागनिकेने कधी न दिलेल्या गायी तिच्या नावावर चढतील.

तरी यंत्राला कंस शिकवता येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचा एक चांगला दाखला माझ्या वाचनात आहे. २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात 'इथाका' नावाच्या प्रणालीबद्दल निबंध आला. डीपमाइंड आणि काही युरोपीय विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी ती मिळून केली. प्राचीन ग्रीक शिलालेखांतली गेलेली अक्षरे सुचवणे हे तिचे काम. एकट्या इतिहासकारांची अक्षरे २५ टक्के बरोबर आली, एकट्या यंत्राची ६२ टक्के, आणि इतिहासकार यंत्राला हाताशी घेऊन बसले तेव्हा ७२ टक्के. या आकड्यांपेक्षाही मला तिची रीत भावली. ती एकच उत्तर ठोकून देत नाही. अनेक पर्याय देते, कोणत्याची शक्यता किती हे सांगते, आणि निवड माणसावर सोडते. यंत्राने घातलेला तो कंसच आहे. आपल्या ब्राह्मी लेखांसाठी असे काही कुणी मनापासून केले तर मी पहिल्या रांगेत बसून पाहीन.

आणखी एक दाखला तर आमच्या परिसरातलाच. नारायणगावाच्या पूर्वेला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा एका जागी दाटीने आणि उरलेल्या सोळा तीन बाजूंना पसरलेल्या, सगळी मिळून पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकड्या जाळीच्या, दोरांवर ताणलेल्या. वारा आरपार जातो. द्राक्षबागांतून जाताना त्या दिसतात तेव्हा आकाशाकडे धरलेल्या सुपांसारख्या वाटतात. या तीस तबकड्या मिळून एक अवाढव्य तबकडी असल्यासारखे काम करतात. पण ती अवाढव्य तबकडी खरी नाही. तिच्यात बहुतेक सगळी भोकेच आहेत. दोन-दोन तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, पृथ्वी फिरते तशा त्या जोड्या आकाशाला वेगवेगळ्या कोनांतून पाहतात, आणि तरीही उरलेल्या मोकळ्या जागा गणिताने भराव्या लागतात.

म्हणजे खोडदलाही काम तेच: फुटक्या मजकुरावरून पूर्ण वाचन लावायचे. तिथल्या नोंदींवरून काढलेली दूरच्या दीर्घिकांची चित्रे मी पाहिली आहेत. अशा चित्राच्या कोपऱ्यात बहुधा एक छोटा लंबगोल काढलेला असतो. पहिल्यांदा मला तो एखादा तारा वाटला होता. जाणकाराने समजावले की तो दुर्बिणीच्या नजरेचा आकार आहे. त्या लंबगोलापेक्षा बारीक असे काही चित्रात दिसले तर त्यावर विसंबू नका, एवढे सांगायला तो तिथे असतो. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत त्या लंबगोलाचाच विचार करत होते. नाणेघाटापासून खोडदपर्यंत एकाच तालुक्यात दोन टोकांना दोन वाचने चालली आहेत, एक दगडाचे आणि एक आकाशाचे. दोन्हीकडे वाचणाऱ्याने आपल्या नजरेची मर्यादा मजकुरातच काढून ठेवली आहे.

हे सगळे मी एकदा अकरावीच्या वर्गात सांगितले. फळ्यावर ब्राह्मीतला अधिकचिन्हासारखा 'क' काढला, राशींसारखे अंक काढले, आणि चौकटी कंस काढला. त्याआधीच्या आठवड्यात 'माझी आजी' या विषयावर निबंध आले होते. त्यातला एक निबंध भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतून येणाऱ्या मुलीचा. सह्याद्रीच्या कुशीत वसलेले गाव, निसर्गाच्या सान्निध्यात वाढलेली आजी, तिच्या सुरकुत्यांत दडलेला अनुभवाचा खजिना. एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. मी तिला बाजूला घेऊन एवढेच विचारले, "आजी काय काम करायची गं?" ती म्हणाली, "बाई, हिरडा गोळा करायची." मग निबंधात हिरडा का नाही? तिने खाली मान घालून सांगितले की निबंध मोबाइलने लिहून दिला, आणि मोबाइलला हिरडा ठाऊक नव्हता.

मी तिला ओरडले नाही. म्हटले, आजीला विचार: किती, कुठे, कधी. राणीसारखे सांग.

पंधरा दिवसांनी दुसरा निबंध आला. तिने मोबाइल टाकून दिला नव्हता. आजी बोलत होती ते तिने त्याच्यावरच बोलून टाइप करून घेतले होते. पण मोबाइलने आजीचे 'व्हतं' होते ते 'होतं' केले होते, आणि बाळहिरड्याचे दोन तुकडे करून त्यातला एक भलताच लिहिला होता. पोरीने बसून सगळे 'व्हतं' परत आणले होते. पेनाने, एक-एक. निबंधात आता पहाट होती, झाडाखाली साफ केलेली जागा होती, हिरडा झोडपायची काठी होती. दिवसाला दोन पाट्या बाळहिरडा. ओला हिरवा असतो, खडकावर वाळत घातला की काळा कुळकुळीत होतो आणि दोन पाट्यांची एक पाटीही धड भरत नाही. वाळवणावर वळवाचा पाऊस पडला तर बुरशी धरते, मग व्यापारी नाक मुरडतो. ही वजाबाकी तिने नुसती मांडली होती, तिच्यावर एक शब्दही भाष्य केले नव्हते, आणि मला त्या दोन ओळींत नागनिकेच्या राशी उलट्या होताना दिसल्या.

शेवटच्या परिच्छेदात आजी झाडावरून पडली त्या दिवसाची गोष्ट होती. हात मोडला, चौघांनी झोळी करून खाली आणले, पाटीतला हिरडा मात्र शेजारणीने घरी पोचवला. वाक्याची सुरुवात सालाने व्हायला हवी होती. तिथे तिने पट्टीने आखून, नीट चार कोपऱ्यांचा, चौकटी कंस काढला होता आणि त्यात लिहिले होते: साल आजीला आठवत नाही, धरणाचं पाणी वावरात शिरलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात.